बर्नर पंधरा मिनिटांनी लॉकआउट होतोय? तिसरा फ्लेम सेन्सर घेण्याआधी हे करा

रबाळे एमआयडीसीतल्या एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यातल्या मेंटेनन्स सुपरवायझरांचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. ताशी १ टनाचा स्टीम बॉयलर, ड्युअल फ्युएल, म्हणजे गॅस आणि तेल दोन्हींवर चालणारा बर्नर. आधी एलडीओवर (लाइट डिझेल ऑइल) चालायचा. दोन वर्षांपूर्वी पाइप गॅसवर आणला, एलडीओ स्टँडबायला ठेवलाय. ज्योत बघायला इन्फ्रारेड फ्लिकर सेन्सर आहे. एप्रिलपासून बर्नर व्यवस्थित पेटतो, बारा-पंधरा मिनिटं चालतो आणि ‘फ्लेम फेल्युअर’ दाखवून लॉकआउटला जातो, म्हणजे इंधन तोडून बंद पडतो आणि रीसेट केल्याशिवाय सुरू होत नाही. रीसेट केल्यावर कधी लगेच पेटतो, कधी अर्धा तास थांबावं लागतं. दोन सेन्सर बदलून झाले, एक कंपनीचा आणि एक ‘कॉम्पॅटिबल’ म्हणून मिळालेला. त्यांचे प्रश्न तीन : तिसरा घ्यावा का? त्यापेक्षा यूव्ही (अल्ट्राव्हायोलेट) सेन्सरच बसवावा का? आणि नवा येईपर्यंत चार दिवस सेन्सर बायपास करून, म्हणजे त्याला वगळून, चालवलं तर चालेल का? कारण ऑर्डर अडकली आहे आणि अटेंडंट म्हणतो, ‘साहेब, मी समोरच उभा राहतो.’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच लागणार आहे. नाही. चार दिवस नाही, एक शिफ्टही नाही.

कारण आकड्यांत सांगतो. ताशी १ टन वाफेला तुमचा बर्नर पूर्ण फायरवर तासाला साधारण ७५ घनमीटर गॅस घेतो. म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ लिटर. ज्योत विझली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर १० सेकंदांत २०० लिटरपेक्षा जास्त गॅस फर्नेसमध्ये येतो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेटतो. १० टक्के धरले तर एवढ्या गॅसचं २ घनमीटर स्फोटक मिश्रण होतं. ब्लोअर चालू असतो, त्यामुळे त्यातलं काही चिमणीतून निघून जातं हे खरं. पण आतली वीट लाल असते, ठिणगी वेगळी लागत नाही. अटेंडंट समोर उभा राहिला तरी त्याला काचेतून दिसणार, कळणार, मग हात स्विचपर्यंत जाणार. यात दहा सेकंद सहज जातात. आणि मुळात तो उभा कुठे असणार? बर्नरच्या तोंडासमोर.

हे मी ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका डाइंग युनिटमधून मला रात्री फोन आला होता. तिथे जुना फोटोसेल होता. ज्योत पेटली की तो बर्नरवरच्या ज्योत बघायच्या नळीतून बाहेर काढायचा आणि ट्यूबलाइटकडे तोंड करून तारेने बांधून ठेवायचा, असं महिनाभर चाललं होतं. सुरुवातीच्या पर्जमध्ये, म्हणजे पेटवण्याआधी नुसती हवा फिरवून फर्नेस साफ होते तेव्हा, ज्योत ‘दिसली’ तर कंट्रोलर लॉकआउट करतो. म्हणून पेटेपर्यंत सेन्सर आत आणि पेटल्यावर बाहेर, अशी ती युक्ती. तेलात पाणी आलं, ज्योत गेली, दोन-चार सेकंदांनी परत तेल आलं आणि विटेच्या उष्णतेने पेटलं. पुढचा दरवाजा बिजागरीतून निघाला. ऑपरेटर बाजूला डोसिंग टाकीपाशी होता म्हणून वाचला, तरी उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मी पोचलो तेव्हा तो फोटोसेल तसाच तारेला लटकत होता आणि कंट्रोलरला ज्योत ‘दिसत’ होती. त्या रात्रीपासून ‘बायपास’ शब्द ऐकला की मी आधी गॅसचा कॉक बंद करायला सांगतो, बाकीचं बोलणं नंतर.

आता मूळ दुखणं. तुम्ही दोन सेन्सर बदलले आणि फॉल्ट तसाच राहिला. याचा सरळ अर्थ असा की दोष बहुधा सेन्सरमध्ये नाहीच. सेन्सर हा साक्षीदार आहे. ‘ज्योत नाही’ असं तो सांगतो तेव्हा तीन शक्यता असतात : ज्योत खरंच जातेय, ज्योत आहे पण त्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर जातेय, किंवा त्याची नजरच मंदावलीय. साक्षीदार बदलून यातलं काहीच सुटत नाही.

इन्फ्रारेड सेन्सर बघतो काय, हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं. त्याच्यावर उष्णतेचे किरण पडतात, पण नुसत्या किरणांना तो ज्योत मानत नाही. तापलेली वीटही तेच किरण टाकते. फरक असा की वीट एकसारखी तळपते आणि ज्योत थरथरते. आतलं सर्किट ही थरथर तेवढी मोजतं, स्थिर भाग सोडून देतं. म्हणून नाव फ्लिकर सेन्सर. ही थरथर सगळ्यात दाट कुठे असते? ज्योतीच्या मुळाशी, डिफ्यूझरपासून (बर्नरच्या तोंडाशी हवा पसरवणारी चकती) ज्योतीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात. टोकाकडे ज्योत मोठी आणि झगझगीत दिसते, पण सेन्सरच्या कामाचं मूळच.

त्यामुळे पहिलं काम खरेदीचं नाही, मोजण्याचं आहे. बहुतेक कंट्रोलरवर फ्लेम सिग्नल बघायची सोय असते. कुठे डिस्प्लेवर आकडा येतो, कुठे मल्टिमीटर लावायला दोन टेस्ट पॉइंट असतात. हनीवेलच्या ७८०० मालिकेत सिग्नल ० ते ५ व्होल्ट डीसीमध्ये येतो आणि किमान १.२५ लागतो. तुमच्या कंट्रोलरचा किमान आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये असेल, तो पॅनेलच्या दारावर आतून लिहून ठेवा. सकाळी बॉयलर गार असताना बर्नर सुरू करा, मॅन्युअलला टाकून लो फायरवरच (सगळ्यात लहान ज्योतीवर) धरा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. सेन्सरच्या अंगावर थर्मामीटरची प्रोब चिकटवून तापमानही लिहीत जा. वीस मिनिटं झाली की हाय फायरला (पूर्ण ज्योतीवर) न्या आणि परत लिहा. कागदावर तीन रकाने पुरतात : वेळ, सिग्नल, तापमान.

लो फायरवरच सिग्नल हळूहळू उतरत गेला आणि तापमान चढत गेलं, तर सेन्सर तापतोय. लो फायरला सिग्नल ठणठणीत राहिला आणि फायर वाढवताच पडला, तर ज्योत नजरेबाहेर जातेय. सिग्नल पूर्ण चांगला असताना एका क्षणात शून्य झाला, तर ज्योत खरंच विझतेय किंवा वायरिंग तुटतंय.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. एप्रिलपासून सुरू झालं, पेटायला त्रास नाही, बारा-पंधरा मिनिटांनी जातो, कधी अर्धा तास थांबावं लागतं. ही सगळी लक्षणं तापणाऱ्या सेन्सरची आहेत. कधी लगेच पेटतो तेही यात बसतं, कारण पर्जची गार हवा सेन्सरला थोडा वेळ तरतरी देते. बरेच इन्फ्रारेड सेल लेड सल्फाइडचे असतात आणि तापले की त्यांची संवेदना उतरते. हनीवेलचा सी-७०१५ किंवा फायरआयचा ४८पीटी२ घ्या, दोघांची मर्यादा सेन्सरपाशी ५२ अंश सेल्सियसच्या आसपास आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली बर्नरच्या कडेला मुळातच ४५ अंश असतात. वर फक्त ७ अंशांची जागा राहते. सेन्सरवर तळहात ठेवून वीस आकडे मोजता आले नाहीत, तर तो मर्यादेबाहेर गेलाय असं समजा.

असाच एक प्रसंग महापेतला. थर्मिक फ्लुइड हीटर (तेल तापवून उष्णता पुरवणारा) होता, तिथेही दोन सेन्सर बदलून झालेले. मी मीटर लावून बसलो. सुरुवातीला ३.६ व्होल्ट. पाचव्या मिनिटाला ३.१, नवव्याला २.४. ऑपरेटर म्हणाला, ‘आता बघा, दोनच्या खाली आला की गेलाच.’ रोज बघून त्याला तोंडपाठ झालं होतं, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. १.७ झाल्यावर मी इन्स्ट्रुमेंट एअरचा पाइप घेऊन सेन्सरच्या अंगावर नुसती हवा सोडली. आकडा थांबला, मग चढायला लागला. चार मिनिटांत २.९. फॉल्ट कुठे आहे हे तिथेच कळलं. ब्लोअरच्या हाउसिंगमधून सेन्सरच्या नळीला गार हवा देणारी एक छोटी रबरी नळी होती. ती मागच्या बाजूला, जिथे सहसा हात जात नाही तिथे, कडक होऊन चिरली होती. हवा बाहेर निघून जात होती, नळीतला दाब गेला होता आणि फर्नेसमधली गरम गॅसेस उलट सेन्सरच्या तोंडावर येत होती. काढलेल्या दोन्ही सेन्सरच्या काचेवर तपकिरी थर होता. पुसल्यावर दोन्ही चालले. नळी बदलली, सेन्सर आणि लोखंडी पाइप यांच्यामध्ये उष्णता अडवणारं इन्सुलेटिंग निपल टाकलं, संपलं.

म्हणून तुम्ही आधी ती कूलिंग हवेची नळी शोधा. गॅसवर बदल करताना ठेकेदाराने पाइपिंग हलवलं असेल तर ती काढून तिथे प्लग मारलेला असण्याचीही शक्यता आहे. मी हे दोनदा पाहिलंय. सेन्सर आणि नळीच्या मधली सीलिंग काच जागेवर आहे का, तेही बघा. इन्फ्रारेडला साधी उष्णतारोधक काच चालते. यूव्हीला मात्र क्वार्ट्झच लागतं.

उष्णता नसेल तर दुसरा संशय नजरेच्या रेषेवर, आणि तुमच्या बाबतीत त्यालाही सबळ कारण आहे. तुमची नळी एलडीओच्या ज्योतीसाठी लावलेली आहे. तेलाच्या ज्योतीत काजळीचे कण तळपतात. ती पिवळी, भरदार आणि इन्फ्रारेडमध्ये झगझगीत असते. सेन्सरचा नेम थोडा चुकला तरी सिग्नल भरपूर मिळतो. गॅसची ज्योत निळसर, तिच्यात काजळी जवळपास नाही, त्यामुळे सिग्नल मुळात अशक्त. त्यात हाय फायरला हवेचा वेग वाढला की मूळ पुढे सरकतं. तेलावर वर्षानुवर्षं चाललेला नेम गॅसवर काठावर येतो तो असा. तपासणं सोपं आहे : बर्नर बंद, गॅस कॉक बंद, मेन आयसोलेटर बंद करून सेन्सर काढा आणि नळीतून स्वतः डोळा लावून बघा. आत टॉर्चचा उजेड टाकला की डिफ्यूझरची कडा दिसली पाहिजे. समोरची वीटच दिसत असेल तर सेन्सरलाही वीटच दिसतेय. नळीचा नेम असा हवा की ती पायलट (आधी पेटणारी लहान ज्योत) आणि मेन या दोन्ही ज्योतींचं मूळ छेदते, आणि नळी सेन्सरकडून फर्नेसकडे उतरती असावी. उलटी असेल तर धूळ आणि ओल घरंगळत काचेवरच येऊन बसते.

ज्योत खरंच विझत असेल, तर तो सेन्सरचा विषय नाही. गॅसच्या इनलेटला गेज लावून हाय फायरला दाब किती पडतो ते बघा, फिल्टर उघडा, हवेच्या डॅम्परची (झडपेची) लिंकेज घसरली आहे का पाहा, डिफ्यूझर वाकला आहे का बघा. यातलं जे सापडेल ते दुरुस्त करा आणि अशा सेन्सरला शाबासकी द्या, कारण तो त्याचं काम करत होता.

पावसाळ्याचंही सांगून ठेवतो, जून येतोच आहे. आपल्या हवेत सेन्सरचा कनेक्टर हिरवा पडायला एक पावसाळा पुरतो. केबल ग्लँड वर तोंड करून असेल तर पाणी थेट आत उतरतं. पण ओलीचा फॉल्ट बहुतेक सकाळी, पहिल्या स्टार्टला येतो आणि गरम झाल्यावर जातो, म्हणजे तुमच्या उलट. केबलचं म्हणाल, तर सेन्सरची वायर इग्निशनच्या एचटी (हाय टेन्शन) केबलबरोबर एकाच फ्लेक्सिबल पाइपमधून नेऊ नका. स्पार्क सुरू असताना सिग्नल नाचत असेल तर हेच कारण. शील्डेड केबल, वेगळा पाइप, आणि शील्ड मॅन्युअल सांगेल त्याच टोकाला अर्थ करा.

आता तो ‘कॉम्पॅटिबल’ सेन्सर. मुंबईत लोहार चाळीत, नागदेवीला चांगले जाणकार दुकानदार आहेत, माझा त्यांच्यावर रोख नाही. पण फ्लेम सेन्सर हा बेअरिंगसारखा माप जुळलं की बसवायचा माल नाही. तो, त्याचा अॅम्प्लिफायर (सिग्नल वाढवणारं कार्ड) आणि कंट्रोलर ही एक जोडणी आहे. एका मेकचा सेन्सर दुसऱ्याच्या अॅम्प्लिफायरवर लावला तर सिग्नल येईलही, पण ज्योत गेल्यावर तो किती वेळात सोडेल, म्हणजे ‘ज्योत नाही’ असं सांगेल, याची हमी कोणीच देत नाही. आणि आपल्याला सगळी किंमत त्या ‘सोडण्या’चीच आहे. शिवाय समोरून बघणारा आणि बाजूने बघणारा, असे दोन प्रकार दिसायला सारखेच असतात, उदाहरणार्थ सीमेन्सच्या क्यूआरआय-२ मध्ये. पूर्ण पार्ट नंबर, शेवटच्या अक्षरा-आकड्यांसकट, जुन्या सेन्सरच्या लेबलवरून उतरवा, अॅम्प्लिफायरचाही नंबर बरोबर न्या आणि बिलावर दोन्ही लिहून घ्या.

दुकानात किंवा टेबलावर सेन्सर तपासताना एक चूक हमखास होते. मोबाइलचा टॉर्च दाखवतात, काही होत नाही आणि सेन्सर मेला म्हणून फेकून देतात. मोबाइलच्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतंच, सेन्सरला तो दिसणार कसा? गॅसचा कॉक बंद ठेवून, बर्नर स्टँडबायला असताना सेन्सरसमोर साधा लायटर पेटवा किंवा जुन्या फिलामेंट बल्बच्या टॉर्चसमोर बोटं भराभर हलवा. सिग्नल हलला पाहिजे. कंट्रोलरने यावर ‘खोटी ज्योत’ म्हणून लॉकआउट केलं तर घाबरू नका, तेच बरोबर आहे. तुमचे काढून ठेवलेले दोन्ही सेन्सर याच रीतीने तपासा. माझा अंदाज आहे की एक तरी चालेल.

यूव्हीचं काय? फक्त गॅस असता तर मी विचार केला असता. यूव्हीला तापलेली वीट दिसत नाही, हा मोठा फायदा. पण तुम्ही एलडीओ स्टँडबाय ठेवलाय. तेलाचे बारीक थेंब आणि धूर यूव्ही गिळतात, त्यामुळे ज्या दिवशी गॅस जाईल आणि तेलावर जायची वेळ येईल त्याच दिवशी बर्नर पेटताना अडण्याची शक्यता असते. यूव्हीला इग्निशनची ठिणगीही ज्योत वाटू शकते, म्हणून नेम आणखी काटेकोर लागतो. आणि त्याची ट्यूब म्हातारी झाली की कधी कधी ज्योत नसतानाही ‘आहे’ म्हणत राहते. अखंड चालणाऱ्या बर्नरवर म्हणूनच शटरवाला, स्वतःला तपासणारा यूव्ही घालतात. अॅम्प्लिफायर बदलावा लागेल तो खर्च वेगळा. ड्युअल फ्युएलला इन्फ्रारेडच ठेवा.

यावरून एक विचारतो : तुमचा बॉयलर दिवसातून एकदा तरी पूर्ण बंद होतो का? साधी सेन्सर-अॅम्प्लिफायर जोडणी २४ तासांत निदान एक थांबा गृहीत धरते, कारण कंट्रोलर दर स्टार्टच्या आधी सेन्सर खोटं बोलत नाही ना हे तपासून घेतो. सणासुदीच्या आधी तुम्ही तीन-तीन दिवस सलग चालवत असाल, तर सेल्फ-चेक अॅम्प्लिफायर लागतो किंवा शिफ्ट बदलताना एक स्टॉप-स्टार्ट ठरवून घ्यावा लागतो.

एवढं करूनही सेन्सर खरंच खराब निघाला, तर बदलायचं काम फार नाही. गॅसचा मॅन्युअल कॉक बंद करून कुलूप आणि पाटी लावा, कंट्रोल सप्लाय काढा, मीटरने सप्लाय गेल्याची खात्री करा. टर्मिनलचा फोटो काढा. जुना सेन्सर काढल्यावर नळी आतून कापडाच्या बोळ्याने साफ करा, काच मऊ सुती कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, नव्या लेन्सला बोट लावू नका. हाताने आटे बसवा, पाना जपून, सेन्सरचं अंग धरून फिरवू नका. पॅकिंग नवं टाका. इथपर्यंत अर्धा तास लागतो, आणि बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबतं. बर्नर पेटला, सगळे जेवायला गेले. पण त्या अर्ध्या तासात आपण फक्त इतकंच पाहिलं की ज्योत असताना सेन्सर ‘आहे’ म्हणतो. ज्योत नसताना तो ‘नाही’ म्हणतो का, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही.

त्यासाठी तीन चाचण्या. अनुभवी बर्नर इंजिनिअर बरोबर असल्याशिवाय त्या करू नका. पहिली, पायलटची : मेन गॅस बंद ठेवून पायलटचा दाब हळूहळू कमी करत न्या. सेन्सर जेवढ्या लहान पायलटला अजून ‘ज्योत’ म्हणतोय, तेवढ्या पायलटने मेन बर्नर झटकन पेटला पाहिजे. नाही पेटला तर नेम चुकलाय, सेन्सर अशी ज्योत बघतोय जी पेटवायच्या कामाची नाही. दुसरी, ज्योत घालवण्याची : लो फायरवर असताना मॅन्युअल कॉक बंद करा आणि ज्योत गेल्यापासून सेफ्टी व्हॉल्व्हचा सप्लाय जाईपर्यंतचा वेळ मोजा. मी फ्लेम रिलेचा दिवा आणि व्हॉल्व्हचा इंडिकेटर दोन्ही दिसतील असा मोबाइल उभा करून व्हिडिओ घेतो, नंतर सावकाश बघून सेकंद मोजता येतात. अमेरिकी पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये ४ सेकंदांपर्यंत चालतं, युरोपीय पद्धतीच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये साधारण १ सेकंद.

तिसरी चाचणी इन्फ्रारेडची खास, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते : गरम विटेची. बर्नर हाय फायरवर इतका वेळ चालवा की रिफ्रॅक्टरी, म्हणजे आतलं वीटकाम, जास्तीत जास्त तापेल. मग बंद करा आणि फ्लेम सिग्नल किती वेळात जातो ते बघा. वर म्हटलं की वीट स्थिर तळपते म्हणून सेन्सर तिला ज्योत मानत नाही. पण मधून गरम हवा सळसळत गेली, की डांबरी रस्त्यावर दुपारी मृगजळ लवलवतं तशी ती वीट सेन्सरला लवलवताना दिसते, आणि तेवढ्याने तो फसतो.

भांडुपला एका फोर्जिंगच्या भट्टीवर मी नवा सेन्सर बसवला तेव्हा असंच झालं. गार असताना दुसरी चाचणी सुरेख झाली, २ सेकंद. तासाभराने भट्टी लालबुंद असताना बंद केली. व्हॉल्व्ह बंद झाल्याचा खटका ऐकू आला, काचेतून ज्योत गेलेली दिसली आणि फ्लेमचा दिवा जळतच राहिला. मी मोठ्याने आकडे मोजत होतो. अकराला तो विझला. ही भट्टी चालू असताना ज्योत गेली असती तर अकरा सेकंद गॅस तसाच आत जात राहिला असता, आणि कंट्रोलरला सगळं ठीक दिसलं असतं. सेन्सर नवा, मूळ कंपनीचा, सिग्नल उत्तम. दोष फक्त एवढाच की नळीच्या रेषेत समोर क्वार्लची, म्हणजे बर्नरच्या तोंडाभोवतीच्या कड्याची, वीट येत होती. नळीचा कोन थोडा बदलून रेषा गार भागाकडे वळवली, सेन्सरच्या तोंडाशी लहान भोकाची ऑरिफिस प्लेट टाकली. सिग्नल थोडा कमी झाला, पण किमान आकड्याच्या बराच वर राहिला. पुन्हा तासभर तापवून चाचणी घेतली, २ सेकंद. मालकांना तो दुसरा तास जड गेला होता, ऑर्डर थांबली होती. व्हिडिओ दाखवल्यावर ते काही बोलले नाहीत, स्वतः जाऊन शिफ्ट इन्चार्जला घेऊन आले आणि त्यालाही दाखवला.

तुमच्या बॉयलरला भट्टीएवढी वीट नाही, तरी क्वार्ल आहे आणि मागे रिफ्रॅक्टरी आहे. चाचणी घ्याच. आणि सिग्नल कमी वाटतो म्हणून कोणी सेन्सिटिव्हिटी वाढवून दिली असेल किंवा ऑरिफिस काढून टाकली असेल, तर ही चाचणी घेतल्याशिवाय बॉयलर उत्पादनाला देऊ नका.

पुढची काळजी साधी आहे. लॉगबुकात वाफेच्या दाबाशेजारी फ्लेम सिग्नलचा एक रकाना वाढवा, दर शिफ्टला एक आकडा. सिग्नल एका दिवसात पडत नाही, आठवड्यांत उतरतो, आणि तो उतार कागदावर आधी दिसतो. काच महिन्याला पुसा. ज्योत घालवण्याची चाचणीही ठरवून घेत जा. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रं धुऊन-पुसून पूजेला ठेवतात, त्या दिवशी बॉयलर गारच असतो. सेन्सरची नळी, कूलिंगची रबरी नळी आणि पॅकिंग वर्षातून एकदा उघडून बघायला याहून चांगला दिवस नाही. फक्त हार बांधताना ब्लोअरच्या तोंडापासून लांब बांधा, झेंडूच्या पाकळ्या डिफ्यूझरवर अडकून ज्योत बिघडलेली मी पाहिली आहे.

उद्या सकाळी बॉयलर गार असताना पहिलं रीडिंग घ्या. तीन रकाने, तीस ओळी होतील. त्याच्याबरोबर कंट्रोलर, अॅम्प्लिफायर आणि तिन्ही सेन्सर, म्हणजे मूळचा आणि नंतर घेतलेले दोन, यांचे पूर्ण नंबर आणि नळीतून आत दिसणाऱ्या दृश्याचा एक फोटो पाठवा. सिग्नल उष्णतेने पडत असेल तर तुमचा खर्च एका रबरी नळीचा आणि एका निपलचा आहे, आणि अडकलेली ऑर्डर परवापर्यंत सुटेल.